पावणेनऊ इंचांचा सूत्रधार

मला एक सांगा, तुमचं पाऊल किती इंचांचं आहे?

नाही ना सांगता येत? कोणालाच येत नाही! चपलेचा नंबर सांगतील, बुटाचा सांगतील, पण पाऊल? मला मात्र तोंडपाठ आहे. पावणेनऊ इंच. त्यातलं डावं जरा बाहेर वळलेलं, कारण सात वर्षांपूर्वी मी क्लबच्या पायऱ्यांवरून अठरा कपबशांसकट खाली आले होते, तेव्हापासून ते तसंच पडतं. आणि हे मी अंदाजानं सांगत नाहीये हो, हे एका वहीत लिहिलेलं आहे, शाईनं, खाली दोन रेघा ओढून, आणि पुढे शब्द काय, तर 'सूत्रधार'! कोणी लिहिलं? माझ्या नवऱ्यानं. आणि माप घेताना टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? मी!

आणि मी केलं काय होतं? मी आपलं म्हटलं, डास चावायला नकोत. बस, एवढंच!

थांबा, पहिल्यापासून सांगते. पण मला मध्येच उठावं लागलं तर रागावू नका. हल्ली एका जागी बसवत नाही, बसलं की लक्ष पायांकडे जातं, आणि पाय दिसले की पुन्हा सगळं आठवतं आणि मी उठते...

तर, आमचे हे एका क्लबात माळी आहेत. माळी म्हटलं की लोक लगेच म्हणतात, एखादा गुलाब मिळेल का? नाही मिळणार! फूल नाही, झाड नाही, कुंडी नाही. नुसतं गवत. चाळीस पावलं लांब, चाळीस पावलं रुंद, आणि उंचीला म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढं. त्यावर एक खेळ चालतो. सगळे निवृत्त लोक येतात, पांढरे कपडे घालून. एक छोटा पांढरा चेंडू लांब ठेवतात आणि त्याच्या जवळात जवळ जाईल असा एक जड काळा गोळा हळूच घरंगळत सोडतात. मग सगळेजण माना वाकड्या करून त्या गोळ्याकडे बघत राहतात. गोळा थांबला की कोणीतरी म्हणतं, "अरेरे." झाला खेळ! आणि त्या गोळ्याच्या वाटेत एक काडी जरी आडवी आली तरी तो वाट सोडतो, म्हणून आमचे हे गेली बावीस वर्षं ती काडी शोधतायत.

रोज सकाळी मशीन फिरवायचं, मग रोलर ओढायचा, मग गुडघ्यांवर बसून गवतावरून तळहात फिरवायचा. तळहात! लहान मुलाला ताप आहे का ते कपाळावर हात ठेवून बघतात ना, तसा. मला खराच ताप आला तेव्हा काय म्हणाले सांगू? "थर्मामीटर कपाटात आहे." आता यात माझी तक्रार नाही. माणूस चांगला आहे. फक्त माझी उंची तांदळाच्या दाण्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे लक्ष जात नाही.

आणि नियम काय विचारू नका! दाराशी पाटीच आहे, 'हिरवळीचे बूट हिरवळीबाहेर नेऊ नयेत.' म्हणजे काय, तर त्या खेळाचे सपाट तळव्यांचे बूट असतात. ते कडेच्या बाकावर बसून घालायचे आणि तिथेच काढायचे. ते घालून बाहेरच्या फरशीवर एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. का? तर तळव्याला खडा चिकटेल, खडा आत येईल, मशीनच्या पात्यात जाईल, पातं बोथट होईल, गवत कापलं न जाता फाटेल, आणि आमचे हे तीन दिवस जेवणार नाहीत. हा नियम नीट लक्षात ठेवा बरं का. सगळी गोम त्यात आहे.

मी त्याच क्लबात चहाची खिडकी सांभाळते. खिडकीतून हिरवळ दिसते, हिरवळीवर हे दिसतात, आणि ह्यांना मी दिसत नाही. असा आमचा संसार.

तर यंदा काय झालं, मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना कुठल्या क्लबात घ्यायचा ते ठरायचं होतं. तुम्हाला सांगते, बावीस वर्षं ह्यांनी त्या सामन्याची वाट बघितली आहे. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दुसऱ्याच क्लबाला मिळायचा. हे पेपरातला फोटो बघायचे, चष्मा लावून, आणि म्हणायचे, "डाव्या कोपऱ्यात पिवळं आहे बघ." पुढच्या वर्षी हे निवृत्त होणार. म्हणजे यंदा, नाही तर कधीच नाही. शनिवारी संध्याकाळी पाहणीचे साहेब येणार होते. साहेबांनी मान डोलावली की सामना आमचा.

आणि नेमके सोमवारी डास आले!

आले म्हणजे काय, तुटून पडले! संध्याकाळचा सराव चाललेला. अकराजण खेळत होते. आमचे हेडमास्तर, निवृत्त आहेत पण अजून सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात, ते गोळा सोडायला वाकले, आणि ऐन सोडायच्या क्षणी पोटरीवर... फटाक! गोळा गेला थेट कडेच्या चरात. "डास आहेत का वाघ आहेत!" इकडे डॉक्टर एका पायावर उभे राहून दुसरा पाय खाजवतायत. तिकडे जिराफ, म्हणजे सगळ्यात उंच ते पोस्टमास्तर, त्यांचे हात घोट्यापर्यंत पोचेनात, ते दुसऱ्याला सांगतायत, "जरा खाली, अजून खाली, हां, तिथेच मारा!" आणि काठीवाले काका तर काठीनंच स्वतःच्या नडगीवर मारत होते. मारला डास, आणि ओरडले स्वतः!

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? शनिवारी साहेब येणार, आणि हे लोक असे माकडासारखे खाजवत खेळणार? मी म्हटलं, नाही, डास चावायला नकोत. चटकन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले, हिरव्या डब्यातला स्प्रे घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, हा पायांवर मारला की सहा तास डास जवळ फिरकणार नाही. मात्र कंजुषी करू नका, भरपूर मारा." मी कधी कंजुषी केली आहे का हो कशात? चहात साखर विचारा कोणालाही.

आल्यावर मी सगळ्यांना हाक मारली, "या, ओळीत उभे राहा." आणि इथे बघा हं, इथेच खरी गंमत आहे! कोणीही शहाणी बाई त्यांना बाहेर फरशीवर बोलावेल की नाही? मीही बोलावणारच होते. पण पायांत सगळ्यांच्या हिरवळीचे बूट! बाहेर कसे येणार? पाटी आहे ना! मी ह्यांचा नियम पाळला हो! बावीस वर्षांत माझं कोणी ऐकलं नसेल, पण मी ह्यांचं ऐकलं, आणि म्हणून त्या अकराजणांना हिरवळीच्या कडेलाच, गवतावरच, ओळीत उभं केलं. "विजारी वर घ्या, मोजे खाली करा, हलू नका." ती माणसं, आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडलेली, गुपचूप पोटऱ्या उघड्या करून उभी राहिली. फुस्स... पुढून. फुस्स... मागून. फुस्स... दोन्ही बाजूंनी. वाऱ्यानं उडलं म्हणून पुन्हा एकदा फुस्स. आणि मी स्वतः? माझ्या चपला तर गवतावर चालत नाहीत, म्हणून त्या दाराशी काढून मी अनवाणी आत गेले होते. मग सगळ्यांचं झाल्यावर ओळीच्या शेवटी उभी राहिले आणि उरलेला सगळा डबा माझ्या पायांवर रिकामा केला.

"वहिनी, तुम्ही देवमाणूस आहात," काठीवाले काका म्हणाले. सगळे खूश. एक डास नाही! आमचे हे तेव्हा मागच्या खोलीत पात्याला धार लावत होते, त्यांना यातलं काही म्हणजे काही कळलं नाही.

मंगळवारी हिरवळ जरा मलूल दिसली. हे म्हणाले, "पाणी कमी पडलं असेल."

बुधवारी सकाळी मी खिडकी उघडते तो काय, हे हिरवळीच्या कडेला बसलेले. उकिडवे. हातात काही नाही. मी म्हटलं, चहा आणते, आणि कप घेऊन गेले आणि... अहो, काय सांगू! गवत जळलेलं! तपकिरी, पार वाळून गेलेलं, हात लावला तर चुरा होईल असं. आणि त्या तपकिरी पट्ट्यात मधोमध, हिरवीगार, ताजी, अशी... पावलं! जोडी जोडीनं! ओळीत! जणू कोणी अदृश्य माणसं तिथे हजेरीला उभी आहेत.

क्षणभर मला काही कळलंच नाही. मग दिसलं, सहाव्या जोडीच्या शेजारी एक छोटासा गोल हिरवा ठिपका. रुपयाएवढा. काठीचा!

काय झालं होतं, समजलं ना तुम्हाला? स्प्रे पायांवर कमी आणि आजूबाजूच्या गवतावर जास्त पडला होता. जिथे पडला तिथे गवत जळलं. आणि बुटाच्या तळव्याखाली झाकलेलं तेवढं वाचलं. अकरा जोड्या बुटांच्या. आणि शेवटी बारावी जोडी... अनवाणी. पाच आणि पाच बोटांची. डावं पाऊल जरा बाहेर.

"विष," आमचे हे म्हणाले. आवाज असा, की पंचवीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. "कोणीतरी विष घातलंय. मुद्दाम. पाहणीच्या तीन दिवस आधी. ऐक, ज्यानं कोणी हे केलंय ना, मी इथे आहे तोवर त्याला या हिरवळीवर पुन्हा पाऊल ठेवू देणार नाही."

आता बोला! मी तोंड उघडलं होतं हो! शपथेवर सांगते, "अहो, ऐका ना" एवढं बाहेरही पडलं होतं. तर हे म्हणाले, "बडबड नको. टेपचं टोक धर."

आणि धरलं मी. काय करणार? एकेक पाऊल मोजलं. "अकरा इंच. टोक सोडू नकोस. साडेदहा. हे बघ, इथे काठी आहे." आणि मग बारावं. हे त्याच्याजवळ किती वेळ बसले होते! "हा वेगळा आहे. अनवाणी आलाय, म्हणजे आवाज नको म्हणून. लहान चणीचा आहे. पावणेनऊ. डावा पाय बाहेर टाकतो. हा शेवटी उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवत होता. हा सूत्रधार!" आणि मी, टेपचं टोक माझ्याच टाचेच्या ठशावर धरून, माझे पाय साडीत आत आत ओढून घेत, म्हणते काय? "असेल बाई!"

मी आपलं म्हटलं होतं, डास चावायला नकोत!

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते हे कसले? संध्याकाळी अकराही खेळाडूंना दाराशी अडवलं. "बूट दाखवा." एकेकाचा बूट हातात घेऊन त्या हिरव्या ठशात ठेवून बघतायत! हेडमास्तरांचा बूट, पहिल्या ठशात चपखल. डॉक्टरांचा, तिसऱ्यात चपखल. जिराफाचा तर लांबूनच कळत होता. "हं," हे म्हणाले. प्रत्येक बुटाला नुसतं "हं." आणि वहीत बरोबरची खूण.

हेडमास्तर चिडून म्हणाले, "अहो, मी माझ्याच क्लबचं गवत कशाला जाळीन?"

"तेच मी विचारतोय," हे म्हणाले. "इथे ओळीत उभे राहून तुम्ही काय करत होता?"

हेडमास्तरांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. कारण? कारण मी खिडकीत दोन्ही हात जोडून उभी होते! दुपारीच मी एकेकाला चहा देताना सगळं सांगून टाकलं होतं, रडत रडत. सगळ्यांनी शब्द दिला होता. काठीवाले काका तर म्हणाले होते, "वहिनी, प्राण गेला तरी बोलणार नाही." आता प्राण कोण मागत होतं हो? पण दिला शब्द. आणि पाळला! हे विचारतायत, "काय करत होता?" आणि अकरा वयस्कर माणसं आकाशाकडे बघतायत. डॉक्टर म्हणाले, "हवा छान आहे." आणि ते अकराजण जितके गप्प, तितका ह्यांचा संशय पक्का! घरी येऊन मला म्हणतात, "अकराच्या अकरा फितूर आहेत. बोलतच नाहीत. त्या बाराव्याला घाबरतात."

मला घाबरतात! मला! मी झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढते!

गुरुवारी सांगायचं ठरवलं. चहा केला, समोर बसले, म्हटलं, "अहो, समजा, एखाद्यानं चांगल्या मनानं काही केलं आणि..." तर हे म्हणाले, "चांगल्या मनाचा माणूस गवत जाळत नाही." झालं! चहा संपला. शुक्रवारी पुन्हा ठरवलं, तर हे अहवाल लिहीत बसलेले. अहवाल! साहेबांना द्यायला. आत अकरा नावं. वर लिहिलेलं, 'हिरवळीविरुद्धचा कट.' मला म्हणाले, "अक्षर बघ गं, नीट लागतंय ना?" आता विचार करा, ही वही साहेबांनी वाचली तर? ज्या क्लबचे अकराही खेळाडू स्वतःचंच मैदान जाळतात, त्या क्लबला कोणी सामना देईल का? बावीस वर्षांचा सामना त्या वहीनं जाणार होता, आणि ती वही माझ्यामुळे! मी म्हटलं, "त्यापेक्षा जळलेलं गवत काढून दुसरं लावा ना, मागच्या वाफ्यात आहे की जादा गवत." तर म्हणाले, "मुळं धरायला तीन आठवडे लागतात. आणि मी झाकून ठेवणार नाही. जे झालंय ते साहेबांना दिसू दे." असा माणूस! खोटं चालत नाही. आणि बायको कशी, तर घरात ह्यांचेच गंबूट घालून फिरणारी!

हो, गंबूट! मग काय करणार? अनवाणी फिरले तर पाऊल दिसेल, चप्पल घातली तर चाल दिसेल. दोन दिवस मी ह्यांचे गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी गंबूट घालून स्वयंपाक केला. बदक चालतं ना, तसा आवाज... फतक, फतक. आणि शिवाय डावा पाय सरळ पडतोय ना, तिकडे लक्षही ठेवायचं. ह्यांनी बघितलं. म्हणाले, "पायाला काय झालंय?" बघा, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायाकडे लक्ष गेलं, आणि नेमकं तेव्हा मला ते नको होतं! मी म्हटलं, "फरशी गार लागते."

शनिवार उजाडला. संध्याकाळी साहेब आले. बारीक, टापटीप, खांद्याला पिशवी. कडेच्या बाकावर बसून त्यांनी शिस्तीत हिरवळीचे बूट घातले. आमचे हे तिथेच खूश झाले. मग साहेब हिरवळीवर फिरले, वाकले, तळहात फिरवला. तळहात! अगदी ह्यांच्यासारखा! मला तर वाटलं ह्यांचा हरवलेला भाऊ सापडला. एक गोळा सोडला. गोळा गेला... गेला... आणि पांढऱ्या चेंडूला टेकून थांबला. कोणी 'अरेरे' म्हणालं नाही. साहेब म्हणाले, "अशी हिरवळ मी दहा वर्षांत बघितली नाही." ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी खिडकीतून बघत होते, माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात ह्यांनी काखेतून वही काढली.

"साहेब, एक गोष्ट दाखवायची आहे. इकडे कडेला या."

अकराजण ओळीनं उभे, मान खाली. साहेब त्या ठशांपाशी आले. चेहरा बदलला. "हे... हे काय आहे?"

"कट," आमचे हे म्हणाले, आणि वही उघडली.

आणि त्याच क्षणी, तुम्हाला सांगते, देव असतो आणि त्याच्याकडे डास असतात! साहेबांच्या घोट्यावर एक बसला. फटाक! दुसरा. फटाक! "जरा थांबा हं," साहेब म्हणाले, आणि पिशवीत हात घालून काढलं काय? हिरवा डबा. तोच! हलवला, कटकट कटकट. विजार वर केली. त्या सुंदर, न जळलेल्या, बावीस वर्षांच्या गवतावर उभे राहून बोट दाबणार...

मी खिडकीतून ओरडले! दारानं जायला वेळ कुठे होता? तिथूनच, "साहेब, नको! गवत जळेल! त्या स्प्रेनंच जळतं!"

साहेबांचं बोट तसंच डब्यावर. आमच्या ह्यांनी सावकाश मान वळवली. आधी डब्याकडे बघितलं. मग त्या ठशांकडे. मग माझ्याकडे.

"तुला कसं माहीत?"

आता काय सांगायचं? मी खिडकी सोडून बाहेर आले. फतक, फतक, फतक. हिरवळीच्या कडेला येऊन थांबले. ह्यांनी गंबुटांकडे बघितलं. त्यांचेच होते, ओळखले.

"काढ."

काढले. अनवाणी उभी राहिले. हे म्हणाले, "ये." फक्त एवढंच. आणि मी त्या तपकिरी गवतावरून चालत गेले आणि बाराव्या जोडीवर उभी राहिले. उजवं बरोबर. डावं... जरा बाहेर, बरोबर. दहा बोटं दहा जागी. माझ्या पायांखाली तेवढंच गवत गार होतं.

"मी आपलं म्हटलं," मी म्हणाले, "डास चावायला नकोत. बूट बाहेर न्यायचे नाहीत ना, म्हणून इथे आत..."

आमच्या ह्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. आणि वहीत बारापुढे बरोबरची खूण केली.

बस! ओरडले नाहीत, काही नाही. खूण केली, टोपण लावलं, पेन खिशात. मग अकराहीजण एकदम बोलायला लागले! "मीही पाय पुढे केला होता," "मीच म्हटलं होतं अजून मारा," काठीवाले काका म्हणाले, "काठीवरही मी मारून घेतलं!" काठीवर कशाला, विचारा! ती काय चावून घेणार होती?

आणि साहेब? साहेब एकाएकी खालीच बसले. गवतावर. घाम पुसायला लागले. म्हणाले, "गेल्या महिन्यात मी दोन क्लबांत पाहणी केली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दोन्ही ठिकाणी असे ठसे होते. एकेक जोडी. मी लिहिलं, 'हिरवळीला रोग आहे', आणि दोघांनाही नापास केलं." मग स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाले, "साडेनऊ इंच असतील, नाही का?"

आमचे हे वाकले, टेप लावली, म्हणाले, "पावणेदहा."

साहेबांनी तो डबा माझ्या हातात दिला. "सांभाळा. आधी त्या दोन क्लबांची माफी मागतो. तुम्हाला सकाळी फोन करतो." आणि गेले.

घरी आलो. मी वाढलं, हे जेवले. मी म्हटलं, "रागावलात?" तर म्हणाले, "बुधवारी टेपचं टोक कोणी धरलं होतं?" मी म्हटलं, "मी." म्हणाले, "हं." आता या 'हं'चा अर्थ काय लावायचा हो? राग आहे? हसू आहे? पंचवीस वर्षं झाली लग्नाला, मला अजून तो 'हं' वाचता येत नाही. मी म्हटलं, "मग आता मी पाऊल नाही ठेवायचं ना हिरवळीवर? तुम्ही म्हणाला होता." म्हणाले, "म्हटलं होतं ते म्हटलं होतं." आणि उठून कपाटामागचा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, नवी पाटी. माझ्या नावाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला, सामना आमच्याच क्लबात होणार आहे, सहा आठवड्यांनी, गवत भरून आल्यावर. मी खिडकी उघडायला गेले तेव्हा दाराबाहेरच्या फरशीवर पांढऱ्या रंगानं दोन पावलं रंगवलेली होती, पावणेनऊ इंचांची, डावं जरा बाहेर वळलेलं, आणि खाली लिहिलं होतं, 'फवारा इथे.' शेजारी बूट पुसायला ओलं पायपुसणं ठेवलेलं होतं, आणि वरच्या जुन्या पाटीत एक ओळ वाढली होती, 'फवाऱ्यापुरते बूट बाहेर आणण्यास हरकत नाही.' मी चपला काढून त्या पावलांवर उभी राहिले, आतून हे बघत होते, आणि तेवढ्यात मला डाव्या घोट्यावर डास चावला. मी चावू दिला.